राजापूरचा मतदारसंघ कोणी बुडविला?

इसवी सन २००८ मध्ये देशातील मतदारसंघांची नवी मांडणी अमलात आली आणि लोकसभेच्या यादीतून राजापूर हे नाव निघून गेले. १९५७ पासून २००४ पर्यंत तेरा सार्वत्रिक निवडणुका ज्या नावाने लढल्या गेल्या, त्या नावाच्या जागी २००९ च्या निवडणुकीत रत्नागिरी-सिंधुदुर्ग असे जोडनाव आले. एका गावाचे नाव यादीतून गेले म्हणून बिघडले काय, असे कोणी विचारील. नुसत्या नावाचा मोह आम्हांसही नाही. परंतु नावाबरोबर एक जागाही गेली. कुलाबा, रत्नागिरी आणि राजापूर अशा दक्षिणेकडच्या कोकणाच्या तीन जागा होत्या. त्यांच्या रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग अशा दोन झाल्या. तेव्हापासून राजापूर बुडविले हा शब्द कोकणी माणसाच्या तोंडी बसला आहे. बुडविणारा कोण, याविषयी मात्र एकमत नाही. कोणी पुढाऱ्यांस दोष देतो, कोणी आयोगास, कोणी मुंबईस. आरोप करणे सोपे असते, पुरावा तपासणे तितके सोपे नसते. ज्या प्रांतातील मतदारसंघांची मांडणी पुढेमागे पुन्हा व्हावयाची आहे, त्या प्रांतातील सुशिक्षितांनी आणि व्यापाऱ्यांनी तरी हा पुरावा एकदा शांत चित्ताने पाहून घ्यावा, म्हणून आज आम्ही ही जुनी फाईल उघडीत आहो.

प्रथम हा मतदारसंघ होता तरी कसा ते पाहू. आजचा सगळा सिंधुदुर्ग जिल्हा आणि रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिणेकडील भाग मिळून राजापूरचा मुलूख होत असे. १९८१ च्या १ मे रोजी सिंधुदुर्ग वेगळा निघाला. तोपर्यंत हा सगळा रत्नागिरी जिल्हाच होता. एका बाजूस सह्याद्री, दुसऱ्या बाजूस समुद्र, मध्ये कातळ, खाड्या आणि डोंगरउतारावरची तुटपुंजी भातखाचरे. ज्या राजापूर बंदरात सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती आणि जेथे १६६१ साली शिवाजीमहाराजांनी स्वारी केली, त्या बंदराचा व्यापार कालौघात ओसरला. मागे राहिली ती मनिऑर्डर. घरातील कर्ता पुरुष मुंबईस गिरणीत, गोदीत किंवा पेढीवर, आणि घरी म्हातारी माणसे, बायका व मुले, ही येथील कुटुंबाची पिढ्यान्‌पिढ्यांची रचना. मोठा जमीनदार नाही, साखर कारखाना नाही, सहकारी बँकांचे जाळे नाही. देशावर ज्या साधनांनी निवडणुका जिंकल्या जात, त्यांपैकी बहुतेक साधने येथे नव्हती. शाळा मात्र होत्या आणि शिक्षणाची ओढ होती. मुंबईहून येणारे वर्तमानपत्र गावात एकाने मोठ्याने वाचावे आणि दहांनी ऐकावे, अशी येथील राजकीय शिक्षणाची रीत होती.

अशा या दरिद्री आणि विचारी मुलुखाने काय केले? १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत हा भाग दक्षिण रत्नागिरी या नावाने होता आणि तो काँग्रेसच्या पदरात पडला. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राची लाट होती. तीत राजापूरने वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै यांस प्रजासमाजवादी पक्षातर्फे दिल्लीस पाठविले. लाटेत तर पुष्कळ निवडून येतात. परीक्षा पुढे झाली. १९६२ साली महाराष्ट्र राज्य मिळून गेले होते, लाट ओसरली होती आणि राज्यातील ४४ जागांपैकी ४१ काँग्रेसने घेतल्या. उरलेल्या तिन्हींमध्ये एक राजापूर होते. १९७१ साली ४५ पैकी ४२ जागा सत्ताधारी काँग्रेसकडे गेल्या. उरलेल्या तिन्हींत पुन्हा राजापूर. १९८४ साली इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत ४८ पैकी ४३ काँग्रेसच्या झाल्या. उरलेल्या पाचांत पुन्हा राजापूर. बावीस वर्षांत तीन वेळा सगळा प्रांत एका दिशेस वाहत असता हा एक मतदारसंघ आपल्या जागी उभा राहिला. त्याने निवडलेल्या पक्षाचे मत आमच्या वाचकांस पटो वा न पटो, ज्या मतदारास लाट हलवीत नाही, पैसा हलवीत नाही, आणि उमेदवाराची योग्यता मात्र हलविते, तो मतदार लोकशाहीचे भांडवल होय, इतके मान्य करण्यास कोणाचीच हरकत नसावी.

तेरा निवडणुकांत राजापूरने अवघे चार सभासद पाठविले: नाथ पै तीन वेळा, मधु दंडवते पाच वेळा, सुधीर सावंत एकदा आणि सुरेश प्रभू चार वेळा. यांपैकी पहिल्या दोघांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण एखादा ग्रामीण मतदारसंघ देशास काय देऊ शकतो, हे त्यांच्या उदाहरणावरून कळते.

१९६७ च्या फेब्रुवारीत गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहाविरुद्ध पाच मतांनी असा निर्णय दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच होईल अशी घटनादुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेस नाही. सरकार गोंधळले. त्या वेळी विरोधी बाकांवरील राजापूरच्या प्रतिनिधीने खासगी सभासदाचे विधेयक आणले आणि घटना दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट शब्दांत पुनः स्थापित करावा, अशी मागणी केली. ते विधेयक संयुक्त समितीकडे गेले, देशभर त्यावर वाद झाला, आणि कायदेपंडित आजही ते नाथ पै विधेयक या नावानेच ओळखतात. ते संमत झाले नाही. १९७० च्या डिसेंबरात लोकसभा विसर्जित झाली आणि १९७१ च्या १८ जानेवारीस, वयाची पन्नाशीही गाठली नसता, नाथ पै बेळगाव येथे निधन पावले. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती करून विधेयकातील मुख्य तत्त्व स्वीकारले. पुढे १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने दुरुस्तीचा अधिकार मान्य केला, पण घटनेचा मूळ गाभा मोडता येणार नाही अशी मर्यादा घातली. संसदेचा हात मोकळा असावा की बांधलेला, हा वाद कायमचा आहे. आमचा मुद्दा इतकाच की, देशाच्या घटनेचा एवढा मोठा प्रश्न एका सभासदाने स्वतःच्या हिमतीवर सभागृहात उभा केला, आणि तो सभासद राजधानीच्या श्रीमंत वस्तीतला नसून मनिऑर्डरीवर जगणाऱ्या खेड्यांनी पाठविलेला होता.

नाथ पै यांच्या पश्चात राजापूरने निवडले ते प्राध्यापक मधु दंडवते हे कोकणचेही नव्हते. जन्म अहमदनगरचा, धंदा मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविण्याचा. आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या भावकीचा असे हिशेब जेथे तेथे मांडले जात असता, राजापूरने परगावच्या एका मास्तरास पाच वेळा निवडून दिले. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते. १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील उघड्या लाकडी फळ्यांवर त्यांच्या कारकीर्दीत गादी आली. १९७७ च्या २६ डिसेंबरास मुंबई-हावडा मार्गावर सुरू झालेली गीतांजली एक्स्प्रेस केवळ दुसऱ्या वर्गाच्या डब्यांची होती. जलद प्रवास ही पहिल्या वर्गाची मिरास नव्हे, हे तत्त्व त्या गाडीने रुळावर आणले. १९७४ च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कामगारांस त्यांनी कामावर परत घेतले. १९९० साली ते अर्थमंत्री असता सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. आमच्या सराफ वाचकांस त्या कायद्याखाली काढलेले दिवस वडिलधाऱ्यांकडून ऐकून ठाऊक असतील.

आणि कोकण रेल्वे? तिचा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे, कारण त्यातून प्रतिनिधीचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही दिसतात. मुंबईकडून दक्षिणेस जाणारा रूळ साठाच्या दशकात पनवेलपुढे आपट्यापर्यंत आला आणि १९८६ साली रोह्यास पोचला. त्यापुढे पैशाचे नाव काढले की खीळ बसे. १९९० साली दंडवते अर्थखात्यावर आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेखात्यावर असता स्वतंत्र महामंडळ स्थापण्याचा मार्ग निघाला. भांडवलाचा ५१ टक्के वाटा केंद्राच्या रेल्वेचा, २२ टक्के महाराष्ट्राचा, १५ टक्के कर्नाटकाचा आणि सहा-सहा टक्के गोवा व केरळ यांचा. बाकी रक्कम रोखे काढून बाजारातून उभी करावयाची. व्यापाऱ्यास ही पद्धत लगेच कळेल: अंदाजपत्रकातील भिकेची वाट न पाहता भागीदारी करून कर्ज उभारावयाचे. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग बोगदे पाडीत आणि पूल बांधीत पुढे सरकला आणि १९९८ च्या २६ जानेवारीस संपूर्ण खुला झाला. गाडी धावली तेव्हा दंडवते राजापूरचे सभासद नव्हते. १९९१ आणि १९९६ अशा दोन निवडणुकांत मतदारांनी त्यांस घरी बसविले होते. मतदारास तो अधिकार आहेच, आणि त्याबद्दल आम्ही अश्रू ढाळीत नाही. त्यांच्या मागून आलेल्या सुरेश प्रभूंनीही केंद्रात पर्यावरण, रसायने-खते आणि वीज अशी खाती सांभाळली. राजापूरने लहान माणसे पाठविली असे कोणास म्हणता येणार नाही.

येथेच एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. इतके थोर प्रतिनिधी असूनही राजापूरचा तरुण मुंबईस जावयाचा थांबला नाही. रेल्वेने त्यास गणपतीत घरी येणे सोपे केले. गावी राहणे सोपे केले नाही. सभागृह गाजविणारा वक्ता, घटनेचा जाणकार, रेल्वेचा मंत्री हे सर्व मिळूनही जे काम होत नाही ते म्हणजे गावातील हातास गावात काम. ते काम भांडवलाचे, बाजारपेठेचे, राज्य सरकारच्या धोरणाचे आणि खुद्द स्थानिक उद्योगी माणसांचे आहे. ते झाले नाही. आणि जे झाले नाही त्यानेच शेवटी मतदारसंघ खाल्ला. हे विधान भावनेचे नाही, आकड्यांचे आहे. ते आकडे असे.

घटनेच्या ८१ व्या कलमाचा दंडक असा की, एका राज्यातील सर्व मतदारसंघांत लोकसंख्येचे प्रमाण शक्य तितके सारखे असावे. १९७१ च्या खानेसुमारीत महाराष्ट्राची वस्ती सुमारे ५ कोटी ४ लक्ष होती. ४८ जागांनी भागले असता एका जागेस साडेदहा लक्ष माणसे येतात. तेव्हाच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्याची वस्ती सुमारे १९ लक्ष ९० हजार, म्हणजे जवळजवळ दोन जागांची. म्हणून रत्नागिरी आणि राजापूर या दोन जागा न्याय्य होत्या. आणीबाणीतील बेचाळिसाव्या दुरुस्तीने हे आकडे गोठविले आणि पुढील तीन दशके राजापूर त्या गोठलेल्या आकड्यांच्या आधारावर उभे राहिले. २००१ ची खानेसुमारी झाली तेव्हा महाराष्ट्र ९ कोटी ६८ लक्षांवर गेला होता आणि एका जागेचा हिस्सा वीस लक्षांवर. रत्नागिरीची वस्ती १६ लक्ष ९७ हजार, सिंधुदुर्गाची ८ लक्ष ६९ हजार, एकूण सुमारे २५ लक्ष ६६ हजार. भागाकार केला तर सव्वा जागा भरते. तीस वर्षांत महाराष्ट्र जवळजवळ दुप्पट झाला. हे दोन जिल्हे शेकडा तीसांनीही वाढले नाहीत. याच वेळी ठाणे जिल्ह्याची वस्ती ८१ लक्षांवर गेली. त्यास चार जागांचा हिस्सा आला आणि ठाणे, कल्याण, भिवंडी व पालघर या चार जागा मिळाल्या. विधानसभेतही तेच घडले. सिंधुदुर्गाच्या चार जागा होत्या, त्या तीन उरल्या.

एवंच राजापूर बुडविणारा पुढारी नव्हे, आयोगही नव्हे. भागाकाराने ते बुडविले. आणि भागाकारात भाज्य लहान का झाले, तर माणसे निघून गेली म्हणून. २००१ साली दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत ११३६ आणि सिंधुदुर्गात १०७९ स्त्रिया मोजल्या गेल्या. सबंध महाराष्ट्राचे प्रमाण ९२२ होते. हा फरक निसर्गाचा नाही. मोजणीच्या दिवशी येथील पुरुष मुंबई, ठाणे आणि पुणे येथे मोजले गेले. त्यांची डोकी तिकडच्या जागांच्या हिशेबात धरली गेली, आणि घरची जागा तेवढ्या प्रमाणात रिकामी झाली.

यावर उपाय म्हणून कोणी सुचवितात की, डोंगराळ आणि मागासलेल्या भागास वस्तीपेक्षा अधिक जागा द्याव्यात. ही सूचना नवी नाही. न्यूझीलंड देशात १८८१ पासून १९४५ पर्यंत असा कायदाच होता. ग्रामीण भागाच्या वस्तीत कागदावर ठराविक टक्के मिळवून मग मतदारसंघ आखीत. ही भर प्रथम एकतृतीयांश होती, पुढे १८८७ साली १८ टक्के आणि १८८९ पासून २८ टक्के झाली. विखुरलेल्या वस्तीच्या प्रतिनिधीस दूरवर हिंडावे लागते, शेती हा देशाचा आधार आहे, असे युक्तिवाद त्यामागे होते. शेवटी शहरातील कामगाराचे मत शेतकऱ्याच्या मताहून हलके का, या प्रश्नास उत्तर सापडेना आणि १९४५ साली तो कायदा गेला. याच तत्त्वाची विकृती इंग्लंडात ओल्ड सेरम येथे पाहावयास मिळे. गाव उजाड झाले, टेकडीवर पडीक जमीन राहिली, तरी १८३२ च्या सुधारणा कायद्यापर्यंत तेथून दोन सभासद पार्लमेंटात बसत. आणि मँचेस्टरसारख्या कारखानदार शहरास स्वतःचा एकही सभासद नसे. जमीन मत देत नाही, माणूस देतो. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत एक माणूस, एक मत आणि एक मूल्य या तत्त्वाची जी मांडणी केली, तिच्याशी इमान राखणाऱ्या कोणासही राजापूरसाठी खास सवलत मागता येणार नाही. ठाण्याच्या चाळीतील मजुराचे मत अर्धे करून राजापूरची जागा राखावी, असे आम्ही म्हणणार नाही. कारण तो मजूर पुष्कळदा राजापूरचाच असतो.

तथापि न्याय दोन्हीकडे सारखा पाहिजे. राज्या-राज्यांतील जागांची वाटणी १९७१ च्या आकड्यांवर गोठवून ठेवली गेली. २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने हे गोठविणे २०२६ नंतरच्या पहिल्या खानेसुमारीचे आकडे येईपर्यंत लांबविले. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांस शिक्षा होऊ नये, हे त्यामागील कारण योग्यच आहे. परंतु राज्याच्या पोटात मात्र भागाकार तत्काळ लागू झाला. ज्या जिल्ह्याने कष्टकरी माणसे घडविली आणि शहरांस दिली, त्या जिल्ह्याच्या भरपाईचा विचार कोणी केला नाही. ही भरपाई मतांच्या वजनात नको, ती कामाच्या रूपाने पाहिजे. मोठ्या प्रकल्पांच्या वाटपात कोकण विसरले गेले असे नाही; जैतापूरची अणुवीज आणि नाणारचा तेलशुद्धीकरण कारखाना हे दोन्ही प्रस्ताव राजापूर तालुक्यातलेच. पहिल्यावरून २०११ साली रक्त सांडले, दुसऱ्याचे भूसंपादन २०१९ साली रद्द करावे लागले. त्या प्रकल्पांच्या गुणदोषांचा निवाडा आज येथे करावयाचा नाही. पण ज्या काळात एवढे मोठे प्रश्न दारी आले, त्याच काळात या मुलुखाचा आवाज दोन जागांवरून एका जागेवर आला, ही गोष्ट डोळ्यांआड करण्यासारखी नाही.

आता मुंबईतील चाकरमान्यांस दोन शब्द. माझे घर गावी आहे, माझ्या नावावर घरपट्टी आहे, तेव्हा माझे मत गावीच, अशी पुष्कळांची समजूत असते. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या एकोणिसाव्या व विसाव्या कलमांप्रमाणे मतदार तो, जो त्या मतदारसंघात सामान्यतः राहतो. केवळ घर मालकीचे आहे एवढ्याने कोणी तेथील रहिवासी होत नाही. उलट, जो तात्पुरता बाहेर गेला आहे त्याचे राहणे त्यामुळे तुटत नाही. सतराव्या कलमाप्रमाणे दोन मतदारसंघांत नावे ठेवता येत नाहीत, आणि खोटे निवेदन करणारास एकतिसाव्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सबब, गावाकडेही नाव आणि मुंबईसही नाव ही चाल राजापूरची सेवा नसून गुन्हा आहे. ज्यास खरोखर गावचे कल्याण साधावयाचे आहे त्याने मुंबईचे आपले मत मुंबईत बजावावे, आणि तेथील प्रतिनिधीस कोकणातील रोजगाराविषयी जाब विचारावा. त्यास कोणताही कायदा आडवा येत नाही.

दुसरी गोष्ट पुनर्रचनेच्या कामाविषयी. २००२ च्या कायद्याने जो आयोग नेमला गेला त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. राज्यातील पाच खासदार आणि पाच आमदार सहकारी सभासद म्हणून त्याच्यापुढे बसत. पण त्यांस मताचा अधिकार नसे. मसुदा राजपत्रात आणि देशी भाषेतील वर्तमानपत्रांत छापावयाचा, हरकती मागवावयाच्या, जाहीर बैठका घ्यावयाच्या, अशी रीत कायद्यातच सांगितली होती. मतदारसंघ सलग असावा. नैसर्गिक मर्यादा, तालुका-जिल्ह्यांच्या सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी, असेही नवव्या कलमात होते. एवढे असून मांडणी कशी झाली? मावळ मतदारसंघात घाटावरचे पिंपरी-चिंचवड आणि घाटाखालचे पनवेल, उरण, कर्जत एकत्र आले. रायगड मतदारसंघ अलिबागेपासून खाड्या ओलांडीत थेट रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली आणि गुहागरपर्यंत गेला. सह्याद्री ही जर नैसर्गिक मर्यादा नव्हे, तर नैसर्गिक मर्यादा म्हणावयाची कशास? जागा किती, हे भागाकार ठरवितो. परंतु रेघ कोठून न्यावयाची, हे ठरविण्यात लोकांच्या म्हणण्यास वाव असतो. तो वाव हरकतीच्या मुदतीपुरताच असतो, कारण आयोगाचा हुकूम एकदा निघाला म्हणजे तो कायद्यासमान होतो. १९६६ साली मेघराज कोठारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले आहे. २०२४ साली न्यायालयाने उघड मनमानी झाली असल्यास दार अगदी बंद नाही असे म्हटले, पण त्या फटीवर भरवसा ठेवून कोणी मुदत घालवू नये.

हे आम्ही इतक्या कळकळीने लिहितो याचे कारण पुढचा आकडा. २०११ च्या खानेसुमारीत रत्नागिरीची वस्ती १६ लक्ष १५ हजार आणि सिंधुदुर्गाची ८ लक्ष ५० हजार भरली. म्हणजे दोन्ही जिल्हे वाढणे तर राहोच, उलट घटले. त्या आकड्यांवर हिशेब केला आणि जागा ४८ च धरल्या, तर दोन्ही जिल्हे मिळून जेमतेम एक जागा भरते. १९७१ साली दोन, २००१ साली सव्वा, २०११ साली एक. ही उतरंड कोठे थांबणार? पुढच्या मांडणीच्या वेळी प्रत्येक नगरपालिकेने, व्यापारी मंडळाने आणि वकील संघाने नकाशा व आकडे घेऊन बैठकीस हजर राहिले पाहिजे. नंतर सभा भरवून निषेध करणे म्हणजे मुदत टळल्यावर दावा लावण्यासारखे आहे.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत लाजिरवाणी गोष्ट. ज्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांहून स्त्रिया अधिक, ज्यांनी शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि मुलांच्या शाळा एकहाती सांभाळल्या, त्या मुलुखाने तेरा निवडणुकांत एकाही स्त्रीस लोकसभेत पाठविले नाही. २००९ नंतरच्या जोड मतदारसंघानेही २०२४ पर्यंत पाठविलेले तिघेही पुरुषच. दंडवत्यांच्या पत्नी प्रमिलाबाई १९८० साली लोकसभेत गेल्या, पण मुंबईतून. लाटेस न भिणाऱ्या, जातीस न भुलणाऱ्या राजापूरचाही विचार या एका उंबऱ्यापाशी थबकला. २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीने स्त्रियांस एकतृतीयांश जागा राखून ठेवण्याचे ठरविले आणि त्याची सांगड पुढील खानेसुमारी व पुनर्रचनेशी घातली. कायदा लागू होईपर्यंत थांबण्याचे कोकणास कारण नाही. येथील मतदार यादीकडे पाहिले तरी कोणत्या पक्षाने कोणास उमेदवारी द्यावी हे कळण्यासारखे आहे.

राजापूरचे नाव परत यादीत यावे म्हणून अर्ज करण्यात आम्हांस स्वारस्य नाही. त्या नावाखाली जी वृत्ती नांदत होती ती टिकली पाहिजे: उमेदवाराची योग्यता पाहावी, तो परगावचा आहे की आपल्या भावकीचा हे पाहू नये, आणि सगळा प्रांत एकीकडे चालला म्हणून आपण तिकडे धावू नये. ही वृत्ती कोणत्याही आयोगास रेघ मारून काढता येत नाही. परंतु ती बाळगणारी माणसेच गावात उरली नाहीत तर ती तरी कोठे राहणार? राजापूर परत मिळवावयाचे तर त्याचा रस्ता दिल्लीहून जात नाही. तो आंब्या-काजूवर येथेच प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातून, बंदरातील बर्फघरातून, जवळच्या जवळ मिळणाऱ्या उच्च शिक्षणातून आणि चाकरमान्याच्या गावी परत येणाऱ्या भांडवलातून जातो. बँकेत आणि शहरातील सदनिकेत पैसा घालणाऱ्या कोकणी व्यापाऱ्याने त्यातील चौथा हिस्सा जरी आपल्या तालुक्यात उद्योगात घातला, तरी पुढच्या खानेसुमारीत मोजावयास चार डोकी अधिक सापडतील. राजापूर कोणी बुडविले, असे आम्ही आरंभी विचारले होते. भागाकाराने, हे उत्तर खरे आहे. परंतु भाज्य वाढविणे कोणाच्या हाती आहे, याचा विचार ज्याचा त्याने आपल्या पेढीवर बसून करावा.